सीडी इकडे, डबी तिकडे

मामाने सीडीवर फुंकर मारली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि जुन्या कॉम्प्युटरच्या खणात अलगद ठेवली. खण कुरकुरत आत गेला. भाची खुर्चीच्या पाठीला लटकून श्वास रोखून बघत होती.

पडद्यावर चौकट उमटली : मूळ खेळाचा क्रमांक टाका.

"टाक ना मग!"

"क्रमांक डबीवर छापलाय."

"आणि डबी?"

मामा माऊसची वायर उगाच सरळ करत बसला.

कॉलेजात असताना मामाने आणि त्याच्या मित्राने एका लढाईच्या खेळाचं पार रूपडं पालटून टाकलं होतं. रणगाड्यांच्या जागी दुधाची गाडी, खंदकांच्या जागी आपली गल्ली, बंदुकांना कायमची सुट्टी. जिन्याखाली आजोबा उभे केले होते, खऱ्याखुऱ्या आवाजासकट. पुढे गल्ली पाडली गेली, आजोबाही गेले. त्यांचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नव्हता, आणि भाचीने तो जन्मात ऐकला नव्हता.

"आपल्याच खेळात आपल्यालाच बंदी? हा नियम घातला कोणी?"

"आम्हीच. दुसऱ्याच्या खेळावर आपली गल्ली वसवलेली. ज्याने मूळ खेळ विकत घेतलाय, त्यानेच आत यायचं. फुकट्यांना दार बंद."

"मग तुम्ही घेतला होता ना?"

"दोघांनी मिळून." मामा खाकरला. "मग आमचं बिनसलं. सीडी मला, डबी त्याला."

"धन्य आहात दोघं!" ती खो खो हसत सुटली. मामा हसेना, तेव्हा गप्प झाली. "बिनसलं कशावरून?"

"सुरुवातीच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून."

"बस्स?"

"तेव्हा बस्स नव्हतं गं. उरलेला खेळ मी एकट्यानेच पुरा केला; तेव्हाच्या कॉम्प्युटरवर क्रमांक आधीच टाकलेला होता. त्याने तो बघितलाही नाही. बघणार कसा? सीडी माझ्याकडे."

तिने मामाचा फोन उचलला. मित्राचा नंबर अजून त्यात होता. मामा "अगं, अगं" म्हणेपर्यंत घंटी वाजायला लागली. तिने स्पीकर लावला.

"काका, मी तुमच्या सीडीवाल्या मित्राची भाची. डबीवरचा क्रमांक सांगता का? मला आजोबांना ऐकायचंय."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. शोधाशोध काही ऐकू आली नाही.

"सापडली?"

"हरवली कधी होती?"

"मग सांगा, लिहून घेते."

"छे. नियम म्हणजे नियम. ज्याची डबी, त्यानेच क्रमांक टाकायचा." आवाज जरा खाली आला. "रविवारी घरी असतो का तो?"

भाचीने फोनवर हात दाबला. "मामा, शेवटी नाव कुणाचं आधी लावलंस?"

मामाने शेजारच्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून पलंगावर टाकला. खुर्ची पुसली आणि पडद्याच्या अगदी समोर सरकवली.

"येऊ दे त्याला," तो म्हणाला. "स्वतःच वाचेल."