नर्मदेत अडकलेले हत्ती

इंदूर नर्मदेच्या दक्षिणेला नेऊन ठेवलंय म्हटल्यावर तिथेच कळायला हवं होतं. परदेशात बसून इतिहासाचे गेम बनवणाऱ्या कंपनीला एक माणूस सापडू नये, ज्याला विचारता येईल की बाबा रे, हे शहर नदीच्या अलीकडे की पलीकडे? पण त्या दिवशी चौघा मित्रांपैकी कोणालाच राग आला नाही. लढायांचा तो गेम ते कॉलेजपासून खेळत होते. त्यात युरोप झाला, चीन झाला, आणि आता कुठे ‘माळवा’ नावाचा नवा भाग आला होता. आपल्या गावाचं नाव स्क्रीनवर बघून पियुष इतका हरखला, की सगळ्यांना रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेऊन त्याने गराडूचे तळलेले काप खाऊ घातले.

आनंद आठवडाभर टिकला. मग एकेक भानगड बाहेर पडायला लागली. हत्ती नदीत उतरले की बाहेरच येईनात; उभे ते उभे, ना पुढे ना मागे, आणि तोफ डागली तरी त्यांना ढिम्म काही होईना. धान्याने भरलेल्या गावात घोडे उपाशी मरत, आणि जंगलात सोडले की टणटणीत राहत. उत्तरेच्या फौजेच्या तोफांना तर दारूच लागत नव्हती. त्यामुळे ज्याच्या वाट्याला उत्तरेची फौज तो जिंकणार, आणि ज्याच्या वाट्याला माळवा त्याचा निकाल सरलाकाकूंचे पोहे टेबलावर येण्याआधीच लागणार, हे ठरून गेलं.

सरलाकाकू म्हणजे पियुषच्या आई. अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी चार लॅपटॉप उघडत, आणि कोणाला कोणती फौज ते चिठ्ठ्या टाकून ठरे. अश्विनचा सगळा आठवडा त्या एका सकाळसाठी चालायचा, हे सांगून टाकलेलं बरं. लग्न मोडून तो दोन वर्षांपूर्वी पुण्याहून परत आला होता, घरात बसून नोकरी करत होता, आणि सगळं जग त्याच्याशी हळू आवाजात बोलत होतं. नातेवाईक त्याला बघून विषय बदलत. मित्रसुद्धा जपून असत. त्याची चेष्टा करणं त्यांनी कधीच सोडलं होतं. तरी रविवारी आपापसातला त्यांचा आरडाओरडा कानावर पडायचा. तेवढ्यावर त्याचे बाकीचे दिवस निघायचे.

आणि आता नेमकं तेच मोडायला आलं होतं. सुशांतला लागोपाठ दुसऱ्या रविवारी चिठ्ठीत माळवा निघाला, पोह्यांवर शेव पडायच्या आत त्याचं राज्य बुडालं, आणि त्याने लॅपटॉप मिटला.

“भिया, मी महूहून पेट्रोल जाळून हे बघायला येतो का? दिमाग खराब झालंय माझं. अपन बंदच करून टाकू.”

“जुनावाला खेळू,” पियुष म्हणाला. पण नवा भाग टाकल्यापासून जुने खेळ उघडतच नव्हते, हे त्यालाही माहीत होतं. “नाही तर थोडे दिवस ब्रेक घेऊ यार.”

थोडे दिवस ब्रेक म्हणजे पुढे काय होतं, हे अश्विनला चांगलं ठाऊक होतं. त्याचं लग्न मोडायची सुरुवातही तिथूनच झाली होती. घाईघाईत त्याने तोडगा काढला. “माळव्याला कच्चं लिंबू करू. पहिला तासभर कोणी त्याला हात लावायचा नाही.”

लहानपणी धाकट्या भावंडाला खेळात घेताना करतात तसं. ते खेळणार, पण त्याला आउट करायचं नाही. सुशांतने नाक मुरडलं, पण पुढच्या रविवारी यायला तयार झाला.

त्या रविवारी माळवा मंजिरीला निघाला. मंजिरी ही चौथी. ती फिजिओथेरपिस्ट होती; दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवायची, आणि ते करताना पेशंटच्या ओरडण्याकडे काडीचंही लक्ष द्यायची नाही. चिठ्ठी टेबलावर ठेवून ती म्हणाली, “ते कच्चं लिंबू वगैरे नको मला.”

“अगं, पाच मिनिटांत मरशील,” पियुष म्हणाला.

“मग मारा. पण नीट मारा. सगळ्या चुलत भावंडांत मी लहान होते. कच्च्या लिंबाला कोणी आउट करत नाही, बराबर आहे. पण त्याने कोणाला पकडलं, तर तेही कोणी जमेस धरत नाही.”

उत्तरेची फौज अश्विनकडे होती. तोफा घेऊन तो नदीवर आला, तर मंजिरीने आपले हत्ती उचलले आणि नदी ओलांडायच्या प्रत्येक उतारावर एकेक करून पाण्यात उभे केले.

“ए, ते अडकतात,” पियुषने सांगितलं.

“माहीत आहे. अडकू देत.”

अश्विनच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा उशीर झाला होता. हत्ती हलणार नव्हते, मरणार नव्हते, आणि त्यांच्या अंगावरून फौज नेता येत नव्हती. इंदूर नदीपलीकडे ठेवल्याबद्दल हे लोक कंपनीला हसत होते ना, त्याच चुकीने मंजिरीला फुकटात खंदक मिळाला. दख्खनची फौज घेऊन सुशांत खालून चालून आला, तर जंगलातून तिचे धट्टेकट्टे घोडेस्वार निघाले, त्याची रसद कापली आणि पुन्हा झाडीत गडप झाले. सुशांतने कपाळाला हात लावला, मग हसला, आणि थोड्या वेळाने आपली फौज वाऱ्यावर सोडून खुर्ची ओढत तिच्या मागे जाऊन बसला. त्या घरात महिनाभरात पहिल्यांदा कोणी कंपनीला शिव्या देत नव्हतं. आपण ज्यावर चिडून चिडून थकलो, ते सगळं हिने जसं आहे तसं पदरात घेतलं आणि कामाला जुंपलं, हे बघून अश्विनला मनापासून तिचं कौतुक वाटलं. काय मुलगी आहे, असं तो दोनदा स्वतःशीच म्हणाला.

पोहे आले आणि संपले. सरलाकाकूंनी जेवायलाच थांबा म्हणून सांगितलं. पण बिनदारूच्या तोफांपुढे कोण किती टिकणार? अश्विनने थेट नर्मदेच्या उगमाला, अमरकंटकाला वळसा घालून फौज पलीकडे नेली, आणि दुपारी त्याच्या तोफा तिच्या शेवटच्या किल्ल्याभोवती उभ्या राहिल्या. आता फक्त बटण दाबायचं होतं. त्याचा हात थांबला. इतकी जीव तोडून खेळली, आता हरली की ही पण जाईल, आणि रविवार संपले. त्याने दोन तोफा मागे घेतल्या.

मंजिरीने स्क्रीनवरून नजर काढली नाही. “अश्विन, दया येतेय का माझी?”

“नाही, मांडणी बदलतोय.”

“तुझ्याशी सगळे असंच वागतात. तुला आवडतं?”

सुशांतने पियुषकडे बघितलं आणि पियुषने पंख्याकडे. दोन वर्षांत अश्विनला हे कोणी तोंडावर बोललं नव्हतं. त्याला राग यायला हवा होता, पण त्याला रडू फुटेल इतकं मोकळं वाटलं.

“नाही आवडत,” तो म्हणाला. मग सगळ्या तोफा पुढे आणल्या आणि एकदम डागल्या. किल्ला पडला. मंजिरीने आळस दिला, “मस्त मारलंस” म्हणाली आणि काकूंना ताटं घ्यायला मदत करायला उठून गेली.

गुरुवारी कंपनीने दुरुस्ती पाठवली. हत्ती नदीतून बाहेर येणार, घोड्यांना गावात चारा मिळणार, तोफांना दारू लागणार. चौघांच्या ग्रुपवर त्याबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही, आणि आता रविवारी कोणी येतं की नाही म्हणून अश्विनचा जीव टांगणीला लागला. रविवारी तो वेळेआधीच निघाला. पियुषच्या बिल्डिंगखाली सुशांतची गाडी उभी होती.

वर सुशांत आणि मंजिरी जोरजोरात भांडत होते. सुशांतचं म्हणणं, मागच्या वेळी माळवा तुझ्याकडे होता, आज मी घेणार.

“दुरुस्ती टाकली का कोणी?” पियुषने विचारलं.

“हात तर लावून बघा कोणी,” सुशांत म्हणाला. “हत्ती जिथे आहेत तिथेच राहतील.”

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. अश्विनने आपली उघडली आणि टेबलावर ठेवली. माळवा.

सुशांतचा चेहरा पडला, पण सवयीने त्याचा आवाज लगेच मऊ झाला. “हे बघ अश्विन, तुला चालणार असेल तर सुरुवातीला आम्ही जरा...”

“नको. नीट मारा.”

सुशांतने क्षणभर त्याच्याकडे निरखून पाहिलं. “विचार कर, भिया. माळवा माझ्याकडे होता तेव्हा माझं काय झालं ते बघितलंस ना? इथे आईला हाक मारत रडशील, आणि तुला गप्प करायला काकूंना यावं लागेल.”

आतून सरलाकाकू हसल्याचं ऐकू आलं. अश्विनही हसला, आणि त्याने पहिला हत्ती नदीत घातला.