माझी चेन, त्याचं मशीन

माझं झाडं कापायचं चेनसॉ निळं, साडूचं पिवळं. कंपन्या वेगळ्या, म्हणून सात वर्षं आमचा वाद. त्याचं म्हणे ताकदीचं, माझं पेट्रोल कमी पिणारं. ही हसायची. "बायका एका घरच्या चालल्या तुम्हाला," म्हणायची, "मशीन तेवढी दोन घरची हवीत."

वादळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं पित्त असेल. आठ वाजेपर्यंत ती पांढरीफटक पडली. फोनला रेंज नव्हती. साडू शेजारीच राहतो. त्याच्या टेम्पोत मागे गादी टाकून हिला झोपवलं, तिची बहीण उशाशी बसली आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालो. घाटात झाडं पडलेली असणार, म्हणून दोन्ही मशीन आणि एक कुऱ्हाड बरोबर घेतली.

दोन झाडं सहज कापली. तिसरं कवेत न मावणारं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. फांद्यांतून धडधाकट माणूस पलीकडे जाईना, हिला उचलून नेणं तर दूरच.

त्या खोडात कुणीतरी कधीकाळी ठोकलेली तार होती. साडूची चेन त्यावर गेली आणि तुटली. मी माझं मशीन चालू करायला ओढलं, तर दोरीच हातात आली. आतली स्प्रिंग गेली होती. म्हणजे त्याचं मशीन चालू होत होतं पण चेन नव्हती, आणि माझ्याला चेन होती पण ते चालू होत नव्हतं.

मी म्हणालो, माझी चेन तुझ्याला लावून बघू.

"बसायची नाही, साडूभाऊ," तो म्हणाला. "कंपनी वेगळी आहे. उडाली तर तोंड फाडेल."

दुकानदाराने आम्हा दोघांनाही तेच सांगितलं होतं, दुसऱ्या कंपनीची चेन लावाल तर जिवाशी खेळ. मला पटलं. लावून बघायला पाच मिनिटंही लागली नसती.

कुऱ्हाड आळीपाळीने चालवली. हाताची सालं निघाली. मधेमधे मी हिच्याजवळ जायचो. ती विचारायची, अजून किती? मी म्हणायचो, झालंच. तिसऱ्यांदा तिने डोळे न उघडताच सांगितलं, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, अहो. जा, तोडा." त्यानंतर तिने विचारलं नाही.

रस्ता मोकळा झाला तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते. डॉक्टर म्हणाले, पोटात रक्तस्राव झाला होता, दोन तास आधी यायला हवं होतं. चार वाजता ती गेली.

दोन महिने मी मशीनला हात लावला नाही. शेवटी साडूच दोन्ही मशीन आणि मला घेऊन मेकॅनिककडे गेला. मला तिथे सोडून तो टेम्पोत डिझेल भरायला गेला.

मेकॅनिकने दोन्हींची झाकणं काढून बाकावर शेजारी शेजारी ठेवली आणि हसला. आत ओतीव अक्षरांत एकच नंबर होता. एकाच कारखान्याचा माल, म्हणाला, रंग आणि स्टिकर बदलून दोन नावांनी विकतात. मी विचारलं नव्हतं, तरी त्याने माझी चेन पिवळ्याच्या पट्टीवर चढवली, ताण दिला आणि बोटाने फिरवून दाखवली. चेन गरगर फिरली.

मी तिथल्या रिकाम्या डब्यावर बसलो. त्याने पाणी दिलं. ते हातातच राहिलं.

बाहेर टेम्पोचं दार वाजलं.

"ती काढा," मी म्हणालो. "आणि आता येतोय त्याला यातलं काही सांगू नका. पाया पडतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चेन उतरवली. साडू आत आला तेव्हा मेकॅनिक म्हणाला, सामान मागवावं लागेल, आठवडा जाईल.

परत येताना तो घाट लागला. खोडाचे दोन तुकडे अजून कडेला पडलेत. तिथे साडू दर वेळी गाडी हळू करतो. तेव्हाही केली.

"आपण जिवाचं रान केलं, साडूभाऊ," तो म्हणाला. "आपल्या हातात काही नव्हतं. होतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो.

त्याने बाहीने डोळे पुसले आणि गिअर टाकला.