सलूनमधलं प्रवाळ

माझी थोरली बहीण मित्सुयो दाढी करते, म्हणजे लोकांची. आमच्या बेटावर, इतोमानच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, तिचं आणि तिच्या नवऱ्याचं सलून आहे. झेनशो केस कापतो, ती वस्तरा चालवते. बंदरावरचे कोळी म्हणतात, झेनशोच्या कात्रीखाली जागं राहावं लागतं आणि मित्सुयोच्या वस्तऱ्याखाली डुलकी लागते. मी तिला नेने म्हणते. माझा स्वतःचा धंदा मासळी विकण्याचा, त्यामुळे सकाळचा बाजार उठला की मी सलूनमध्ये चहाला जाऊन बसते.

सलूनच्या पूर्वेच्या खिडकीत एक काचेची टाकी आहे. हातभर लांब, वीतभराहून थोडी जास्त उंच. तिच्यात ना मोठी यंत्रं, ना रंगीत दिवे. तळाशी सच्छिद्र दगड, त्या दगडांच्या भोकांत अळ्या, शेवाळ, इवलेसे शिंपले असा सगळा गावगाडा. एका नळीतून हवेचे बुडबुडे येतात, सकाळचं ऊन खिडकीतून येतं आणि पाणी बादलीनं समुद्रातून येतं. एवढंच.

त्या टाकीत नेनेनं दगडी प्रवाळ वाढवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी हसला तो झेनशो.

"केस वाढवून येणारी गिऱ्हाइकं कमी झाली, आता दगड वाढव," तो म्हणाला.

"दगड तुझ्यासारखे तक्रार तरी करत नाहीत," नेने म्हणाली.

आमचा ओतो, म्हणजे आमचे वडील, मात्र हसला नाही, आणि तो हसला नाही की ते जास्त लागतं. ओतोनं जन्मभर याच समुद्रात बुड्या मारून जाळी लावली. एका कडक उन्हाळ्यात पाणी तापलं आणि प्रवाळाचं अख्खं रान पांढरंफटक पडलं, ते त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर घरात कुणी त्या रानाचा विषय काढला की तो उठून बाहेर जायचा. टाकी बघून तो एवढंच बोलला, "समुद्र असा डब्यात राहत नाही. उगाच जीव मारू नकोस." आणि दाढी न करताच निघून गेला.

उत्तरेकडे प्रवाळाची शेती करणाऱ्या उरासाकी नावाच्या बाई आहेत, आम्ही त्यांना मानानं उरासाकीसान म्हणतो. त्यांच्याकडून नेने अंगठ्याएवढा एक तुकडा घेऊन आली. आमच्याकडे त्या जातीला फुलकोबी म्हणतात, कारण वाढलं की दिसतं तसंच. रानातला तुकडा तोडून आणायला बंदी आहे आणि नेनेला तो आणायचाही नव्हता.

मग तिची रोजची पूजा सुरू झाली. सकाळी दुकान उघडायच्या आत चुन्याची निवळी करायची आणि बारीक नळीनं थेंब थेंब टाकीत सोडायची. त्या चुन्यातूनच प्रवाळ आपली हाडं बांधतं. भरती चढली की बंदराच्या तोंडाशी जाऊन स्वच्छ पाणी भरून आणायचं. उन्हाळ्यात पाणी तापलं की गिऱ्हाइकावरचा पंखा टाकीकडे वळवायचा.

"मी इथे घामानं भिजतोय, मित्सुयोसान," खुर्चीतला माणूस म्हणायचा.

"भिजलेली दाढी बरी निघते," ती म्हणायची.

तुकडा वाढला. अंगठ्याचा लिंबाएवढा झाला, लिंबाचा मुठीएवढा. तपकिरी-गुलाबी फांद्या आणि प्रत्येक फांदीवर केसांसारखी बारीक बोटं, हलणारी. नेने कुणाला काही सांगायची नाही, पण गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवताना खुर्ची हळूच खिडकीकडे वळवून ठेवायची.

नंतर वादळ आलं. वादळं आम्हाला नवी नाहीत. शटर ओढायचं, भात शिजवून ठेवायचा आणि ऐकत बसायचं. पण हे वादळ बेटावरच ठाण मांडून बसलं. गेलं म्हणेपर्यंत माघारी वळलं. वीज गेली ती गेलीच. नेनेजवळ बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप होता. त्याचे घरातले सगळे सेल संपले आणि दुकानं तर बंद. वारा जरा उतरल्यावर मी सलूनमध्ये पोचले, तर नेने एका वाडग्यानं टाकीतलं पाणी वर उचलत होती आणि हातभर उंचीवरून परत टाकीत सोडत होती. पाणी पडलं की फेस उठायचा. हवा मिसळायला दुसरा मार्ग नव्हता. तिचे डोळे सुजले होते. झेनशो शेजारच्या खुर्चीत घोरत होता. त्याची पाळी नुकतीच संपली होती.

"दे इकडे," मी म्हटलं.

"जोरात नको ओतूस. भातावर आमटी वाढतेस तसं."

अर्धं शटर उघडलं तशी माणसं डोकवायला लागली. घरात पंखा नाही, टीव्ही नाही, बोटी बांधलेल्या, मग कोळ्यांनी जायचं कुठे? दाढीला आले. नेने दाराशी खुर्ची ओढून उजेडात वस्तरा चालवायला लागली, आणि ज्याचा नंबर लागायचा होता त्याच्या हातात झेनशोनं वाडगा दिला.

"हे काय?"

"रांगेत उभं राहायचं भाडं," झेनशो म्हणाला. "ओत."

तो ओतायला लागला. त्याच्यामागून आलेल्यानं ओतलं. कुणी वेगानं ओतलं तर बाकीचे ओरडायचे, "अरे, बोटीतलं पाणी उपसतोयस का!" दाढी झालेली माणसंही पुन्हा येऊन ओतून गेली. वीज येईपर्यंत तो वाडगा थांबला नाही.

पण प्रवाळ पांढरं पडलं.

वीज आली त्या सकाळी आम्ही तिघं टाकीसमोर उभे होतो. हाडासारखं पांढरं. झेनशोनं डोक्यावरचा रुमाल काढला. "गेलं, मित्सुयो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात यावेळी थट्टा नव्हती.

नेने काचेला नाक लावून किती तरी वेळ बघत राहिली. "पांढरं झालंय. मेलं नाही. बोटं हलतायत बघ."

तिनं उरासाकीसानना फोन लावला. त्या म्हणाल्या, फार काही करू नका, ऊन कमी करा, पाणी स्वच्छ ठेवा आणि वाट बघा. वाट बघणं नेनेला येतं. तिनं गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड खिडकीला टांगलं आणि सकाळची निवळी चालू ठेवली. गिऱ्हाइकं विचारायचीच, आमचं लेकरू कसं आहे? त्यांनीच पाणी ओतलं होतं ना. पानगळीचे दिवस सरले आणि एका सकाळी फांदीच्या बुडाशी चहाचा डाग पडावा तेवढा तपकिरी रंग दिसला. मग तो वर चढत गेला.

पुढच्या वसंतातली गोष्ट. काचेवर शेवाळ धरलं की झेनशो जुन्या वस्तऱ्याच्या पात्यानं ते खरवडतो, टाकीतलं तेवढं एकच काम त्याचं. त्या दिवशी मी चहा पीत होते. तो बाही वर करून हात पाण्यात घालत म्हणाला, "इथे मीठ धरलंय बघ, खडे खडे."

नेनेच्या हातात एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी होती. तिनं वस्तरा खाली ठेवला, दोन ढांगांत टाकीशी आली आणि त्याचं मनगट धरलं.

"पातं बाहेर काढ."

"अगं, पण..."

"झेनशो. बाहेर काढ."

काचेच्या कोपऱ्यात तिळाएवढे दहा-बारा ठिपके होते. नेनेनं भिंग आणलं. प्रत्येक ठिपक्याभोवती इवल्या बोटांचा गोल, उघडमीट करणारा. प्रवाळाला पिल्लं झाली होती.

अर्ध्या दाढीचा माणूस फेसासकट उठून बघायला आला. झेनशो खाली बसला आणि म्हणाला, "मी आत्ता नातवंडं खरवडणार होतो."

उरासाकीसान दोन दिवसांनी स्वतः गाडी काढून आल्या. भिंग लावून बघितलं आणि मग सरळ उभ्या राहून नेनेला वाकून नमस्कार केला. "आमच्याकडे होतं असं," त्या म्हणाल्या, "पण सलूनमध्ये, बुडबुड्यांवर? मित्सुयोसान, हे जीव खूश असल्याशिवाय पिल्लं सोडत नाहीत." नेनेनं उलट नमस्कार केला. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ओतोला कुणी मुद्दाम सांगितलं नाही, पण इतोमानमध्ये काही लपत नाही. तो आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "दाढी." नेनेनं नेहमीसारखी खुर्ची खिडकीकडे वळवली. दाढी झाली, गरम टॉवेल झाला, तरी तो उठला नाही. मग उठून काचेपाशी गेला आणि वाकला. ज्या माणसानं एकेकाळी मैलभर रान पाहिलं होतं तो तिळाएवढे ठिपके बघत होता. तसाच बाहेर पडला. नेने टॉवेल धुवायला आत गेली आणि जरा जास्तच वेळ धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाजारात बर्फाच्या शेडमागून मला ओतोचा आवाज ऐकू आला. त्याचे जुने सोबती कोंडाळं करून बसले होते.

"दोनशे!" तो सांगत होता. "माझ्या पोरीच्या टाकीत दोनशे जन्मली. यंत्र नाही, काही नाही. नुसता चुना आणि डोकं."

"पोरीचं डोकं कुणावर गेलंय?" एकानं विचारलं.

"आईवर. माझं असतं तर तिनं त्या टाकीचंच कालवण केलं असतं."

मी टोपली उचलून पळाले आणि नेनेला सांगितलं. ती म्हणाली, "दोनशे?" आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. पण तासाभरात ओतो सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन दारात उभा. त्यातल्या दोघांच्या डोक्यावर केस नव्हते आणि एकाला दाढीच उगवत नाही. ओतो त्यांना टाकीजवळ नेऊन बोट दाखवून समजावायला लागला, त्यातलं निम्मं चुकीचं होतं. नेनेनं एक शब्द दुरुस्त केला नाही. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजत ती ऐकत राहिली, पाठ ताठ, मान वर. इतकी सुंदर ती मला तिच्या लग्नातही दिसली नव्हती.

माणसं पांगल्यावर ओतो मागे रेंगाळला. खिडकीतल्या कापडाची घडी उगाच सरळ करत राहिला.

"मित्सुयो," तो म्हणाला, "घराच्या ओसरीत सकाळचं ऊन येतं. टाकी केवढी लागेल?"

"टाकी केवढीही चालेल, ओतो," नेने म्हणाली. "पण आधी सहा महिने नुसता दगड सांभाळायचा, त्यातला गावगाडा वसेपर्यंत. घाई केली तर पिल्लू देणार नाही."

"बरं," ओतो म्हणाला, आणि निवळी कशी करायची ते विचारायला खुर्ची ओढून बसला.