जुन्या बॅकअपमधले वसंतराव

एका मंगळवारी वसंतराव सर लातूरच्या त्या क्लासचे परत संचालक झाले. तसं काहीच घडलं नाही. क्लासचे आताचे संचालक राघवेंद्र सर तर त्या आठवड्यात मंगळवारच नव्हता म्हणतात.

घडलं एवढंच, की क्लासचा डिरेक्टरी सर्व्हर बसला. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काय उघडू द्यायचं, हे ठरवणारा तो दारवान. त्याची सेटिंगच उडाली होती आणि थोड्या वेळात सगळ्या बॅचची परीक्षा कंप्युटरवर होती. ती बुडाली तर कंप्युटर सांभाळणाऱ्या भागवतची नोकरी बुडणार, हे राघवेंद्र सरांनी त्याला प्रेमानं सांगितलं होतं. भागवत भूकंपाच्या किल्लारीचा. पडलेलं उभं करायची तुमच्या गावाला सवय आहे, एवढ्याच मुलाखतीवर तो लागला होता.

"सर, बॅकअप हाय. पण तीन वर्षांमागला."

"रोज होत होता ना रे?"

"वसंतराव सरांच्या लॉगिनवर होत होता. ते सोडून गेले त्या दिवशी तुम्ही लॉगिन बंद करून टाकलं."

सरांना तो दिवस आठवत होता. पेढे वाटले होते. वसंतरावांनी भागीदारी मोडून रस्त्यापलीकडं स्वतःचा क्लास काढला, तेव्हापासून दोघं एकाच टपरीवर पाठीला पाठ लावून चहा पीत.

"टाक तोच. आपल्या नोट्स त्याहून जुन्या आहेत."

भागवतनं टाकला. सर्व्हर उठला, पोरांची नावं दुसऱ्या मशिनवर होती, ती शाबूत निघाली. पण मुख्य ॲडमिन म्हणून वसंतराव बसले होते, आणि त्यांच्या पासवर्डशिवाय परीक्षा उघडेना.

"मी कोण दिसतो त्यात?"

"रसायनशास्त्र, सर. तासिका तत्त्वावर. वसंतराव सरांनी भागीदार असं कधी भरलंच नव्हतं."

सरांनी खिडकीतून रस्त्यापलीकडच्या क्लासकडं पाहिलं.

"जा, बोलाव त्याला. माझं नाव घेऊ नको."

"मग कुणाचं घेऊ?"

"कलेक्टरचं घे."

वसंतराव आपल्या पोरांना एक अवघड गणित घालून चपलेवरच आले. पासवर्ड टाकताना सगळ्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

"खुर्ची तीच हाय व्हय?" वसंतराव म्हणाले.

"करकरते," राघवेंद्र सर भिंतीला म्हणाले.

तीन वर्षांत दोघांचं एवढंच बोलणं झालं. परीक्षा उघडली. वसंतरावांनी भागवतला ॲडमिन केलं, त्याची नोकरी राहिली. मात्र आपलं लॉगिन सोडण्याआधी त्यांनी बसल्या बसल्या काहीतरी टाइप केलं. ते गेल्यावर राघवेंद्र सरांच्या स्क्रीनवर आलं:

'प्रति, सक्षम प्राधिकारी. विषय: रजा मंजूर करणेबाबत. महोदय, आपल्या अभिलेखानुसार मी अद्याप सेवेत असून, गेली तीन वर्षे समोरच्या इमारतीत अडकल्याने हजर राहू शकलो नाही. तरी सदर कालावधी अर्जित रजा म्हणून मंजूर करून मला पूर्ववत रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.'