दुसराच तारा

वेधशाळेत प्रशिक्षणाला आलेली मुलं तिला काकूबाई म्हणत. ती त्यांच्याहून दहाएक वर्षांनी मोठी होती आणि लेकीला नणंदेकडे ठेवून आली होती. "काकूबाई, दुर्बिणीत भाजी निवडू नका हं!" अशी थट्टा चाले. तीही हसून घेई.

अचानक उजळून काही दिवसांत विझणारे तारे हा तिचा विषय. पण आजवर तिने दुसऱ्यांनी टिपलेलंच चाळलं होतं. प्रबंधासाठीची शिष्यवृत्ती संपत आली होती. "स्वतःचं एक तरी निरीक्षण आण, मग मुदतवाढीचं बघू," असं मार्गदर्शक बाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी दुपारी बातमी आली. दूरच्या एका दीर्घिकेत ताऱ्याचा नवा स्फोट दिसला होता. पश्चिमेला, अगदी खाली. सूर्य बुडाल्यावर जेमतेम थोडा वेळ हाती लागणार होता.

"तुमचाच विषय आहे," शिकवणारे सर म्हणाले. "दुर्बीण तुम्ही चालवा. मी मध्ये पडणार नाही."

घुमट उघडला. तिने छापील नकाशा पडद्याशेजारी धरला, ठिपके जुळवले आणि दीर्घिकेच्या कडेचा तारा बरोबर मध्यभागी आणला.

"नकाशा आरशातल्यासारखा उलटा तर नाही ना?" जोडीदार मुलीने हळूच विचारलं. सगळे तिला चष्मिस म्हणत.

"आता नको गं मध्येमध्ये! तारा बुडतोय."

चष्मिस मागे सरली. यंत्रात प्रकाश साठत गेला. तारा क्षितिजाच्या धुरकटात शिरला तेव्हा काकूबाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

पडद्यावर त्या प्रकाशाचा वर्णपट उमटला. सर तो बराच वेळ न्याहाळत राहिले.

"हा साधा तारा आहे," ते म्हणाले. "आपल्याच आकाशगंगेतला. नकाशा उलटा होता. स्फोट दीर्घिकेच्या दुसऱ्या बाजूला होता."

"उद्या?"

"उद्या तो अजून खाली असेल. आणि दुर्बीण दुसऱ्या गटाकडे जाईल." मग खुर्ची मागे सारत, "होतं हो असं. पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं."

पण तिच्याकडे दुसऱ्यांदा नव्हतंच. चष्मिस एका शब्दानेही लागट बोलली नाही. वायरी गुंडाळत राहिली. तिने चार शब्द सुनावले असते तर काकूबाईला बरं वाटलं असतं.

जेवताना कळलं, दुसऱ्या एका वेधशाळेने तो स्फोट टिपला होता. दुर्मिळ जातीचा. तिचा अख्खा प्रबंध ज्या जातीवर होता, तीच. टेबलावर कुणीतरी मीठ मागितलं.

तिने बाहेर येऊन नणंदेला फोन लावला.

"ताई, तुमच्या शाळेतली शिक्षिकेची ती जागा भरली का हो?"

"नाही अजून. का गं?"

"माझं नाव सांगून ठेवा."

पलीकडे मागे लेक कसलंसं गाणं म्हणत होती.

"तू आधी घरी ये," नणंद म्हणाली.

"येते," ती म्हणाली, आणि फोन ठेवून पायरीवर बसली. वर आभाळ स्वच्छ होतं. तिने मान वर केली नाही.