कडेची पट्टी

मेहुणा ऑफिसात प्रिंटर विकायचा आणि नातेवाइकांच्या घरी गेला की इंजिनिअर व्हायचा. बायकोच्या या धाकट्या भावाला काचवाला मिसरूड फुटल्यापासून ओळखत होता आणि त्याच्याबद्दलचं मत तेव्हापासून बदललं नव्हतं.

बायको गेली आणि पुढच्या आठवड्यातच तिच्या लॅपटॉपला नेट लागेना. मुलगी दूर राहायची. तिला बापाचं तोंड पडद्यावर बघायचं होतं, म्हणून तिनं मामाला पाठवलं. मामानं दारातच जाहीर केलं, "दुपारपर्यंत लागलं तर ठीक. नाहीतर सगळं पुसून दुसरी सिस्टीम टाकतो. हे लिनक्स म्हणजे नसती डोकेदुखी, भावोजी. ताईला कुणी सुचवलं होतं?"

"तिला कुणी सुचवावं लागत नव्हतं."

लॅपटॉप जुना, कुणीतरी टाकून दिलेला. तिनं त्यात लिनक्स घालून तो चालता केला होता. काचवाल्याला नीट दिसत नाही म्हणून अक्षरं मोठी, मागचा रंग फिका. कोपऱ्यात तीन फोल्डर: ‘माझं’, ‘तुमचं’ आणि ‘हात लावू नका’. तिसऱ्यात काय आहे ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पडदा उघडला की ती ओरडल्यासारखं वाटायचं, आणि बरं वाटायचं.

"फायली काढून घेतो की," मेहुणा म्हणाला.

"आणि ही मांडणी?"

"ती काय, पुन्हा करता येते."

"कोण करणार? तू? तुझ्या घरातलं घड्याळ गेल्या वर्षापासून बंद आहे."

मेहुण्यानं आपल्या फोनची वायर लॅपटॉपला जोडून तात्पुरतं नेट घेतलं आणि फोनवर वाचून वाचून काळ्या खिडकीत इंग्रजी बडवायला लागला. काय लिहितोय ते त्यालाही कळत नव्हतं. पण आवाज जाणत्या माणसासारखा काढत होता. बंद कर, चालू कर. पुन्हा बंद कर. मध्येच चहा.

"ड्रायव्हर गेलाय."

"ड्रायव्हर म्हणजे?"

"वायरलेसचं कार्ड चालवणारा प्रोग्राम. सोडा, तुम्हाला नाही कळायचं."

"तुला कळलंय ना? मग लागत का नाही?"

काळ्या खिडकीत एक ओळ परत परत येत होती. काचवाल्यानं चष्मा पुढे ओढून ती वाचली. "हे ‘हार्ड ब्लॉक्ड, यस’ काय आहे?"

"ते येतच असतं. दुर्लक्ष करायचं."

दुर्लक्ष करण्यात हा तरबेजच. ताई आजारी होती तेव्हाही त्याला तेवढंच जमलं होतं.

"चला, संपलं. पुसतो." मेहुण्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला.

"थांब." काचवाल्यानं लॅपटॉप उचलून छातीशी धरला. तेव्हा पुढच्या कडेला अंगठा फिरला आणि तिथं गुळगुळीत लागलं.

तिथं पट्टी असायची, जखमेवर लावतात ती. बायको गेल्यावर लोक भेटायला येणार म्हणून त्यानं घर घासून काढलं होतं. जन्मभर खिडक्यांना काचा बसवल्या. कडेला काही चिकटलेलं दिसलं की हात पात्याकडे जायचा. ती मळकी पट्टी त्यानं डिंकासकट खरवडून काढली होती. पट्टीखाली वायरलेसचं इवलंसं सरकतं बटण होतं. काचवाल्याची बाही लागून ते सारखं बंद व्हायचं, म्हणून तिनं वर पट्टी मारली होती. "तुमच्यापासून वाचवायला," असं तोंडावर सांगून.

पात्याबरोबर बटणही सरकलं होतं. ‘ब्लॉक्ड, यस’ ते हेच.

त्यानं ते नखानं ढकललं. बटणाजवळचा दिवा लागला. गाढव, तो मनात म्हणाला, आणि या वेळी मेहुण्याला नाही.

"बघा!" मेहुणा उठून उभाच राहिला. "ड्रायव्हर बसायला वेळ लागतो, म्हटलं नव्हतं?" त्यानं लगेच भाचीला कॉल लावला. "लागलं गं! मामा कशाला आहे?"

पडद्यावर मुलगी आली, मोठ्या अक्षरांच्या मधोमध. "बाबा, काय झालं होतं त्याला?"

"मामाला विचार. तो लांबलचक सांगेल."

मामा सांगायला लागला. काचवाल्यानं बायकोच्या औषधांच्या डब्यातून एक पट्टी काढली, कातरली आणि बटणावर बसवून दाबली.

"भावोजी, ही कसली घाण चिकटवताय?" मेहुण्याचं बोट पुढे आलं.

"हात लावू नकोस," काचवाला म्हणाला.