अपेक्षाचं अर्धं कॉलेज

अपेक्षा अकरावीत होती तेव्हा जर्मनीत गेर्लिंगेनच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी तिला फ्र्यूस्टुडिउमसाठी सुचवलं. म्हणजे शाळा चालू असतानाच विद्यापीठात एक विषय घ्यायचा. पास झालं तर त्याचे क्रेडिट पुढे खऱ्या पदवीत धरले जातात. तिचे पप्पा यशपाल मेश्राम. जर्मन लोक त्या आडनावाचं काहीही करत. पप्पा इंजिनियर. त्यांनी ही बातमी त्याच संध्याकाळी नागपूरला कळवली, "पोरगी सोळाव्या वर्षी युनिव्हर्सिटीत!"

पहिल्या दिवशी त्यांनी रजा टाकली.

"पप्पा, बिट्टे निष्ट, प्लीज नको," अपेक्षा म्हणाली.

"मी फक्त हॉल दाखवून येतो."

हॉल दाखवून झाल्यावर ते तिच्याच शेजारी बसले. वही काढली. दीड तास प्राध्यापक फळ्यावर लिहीत होते आणि यशपाल उतरवून घेत होते. तास संपला, तशी तीनशे मुलं बाकांवर बोटांनी ठकठक करू लागली. यशपालना वाटलं, पोरं सरांना हुसकावून लावताहेत. ते ताडकन उभे राहिले आणि जर्मनमध्ये ओरडले, "शांत बसा! सरांचा मान राखा!"

हॉल चिडीचूप. प्राध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले, "ही मुलं मला शाबासकी देत होती. पण आभारी आहे."

अपेक्षा बाकाखाली काहीतरी शोधू लागली. बराच वेळ शोधत होती.

त्यानंतर तिने त्यांना येऊ दिलं नाही. पण दर आठवड्याला गणितांचा एक कागद सोडवून द्यावा लागे, तोही दोघातिघांनी मिळून. वर्गातली सगळी तिच्यापेक्षा मोठी, विचारायचं कुणाला? तिने पहिला कागद घरी पप्पांबरोबर सोडवला. यशपाल म्हणाले, "आल्झो, हं बघ, हे तर सोपं आहे." वीसपैकी तीन मिळाले. समासभर लाल शाईत एकच शब्द होता: वारुम? का?

शाळेत अपेक्षाला लाल शाई ठाऊक नव्हती. ती रडली नाही, पण जेवलीही नाही. आई, कीर्ती, म्हणाली, "पप्पांना उत्तर येतं गं, कारण येत नाही. ज्यांना दोन्ही येत नाहीत अशी माणसं शोध. ती तुझ्याबरोबर बसतील."

पुढच्या सोमवारी तिने पुढच्या बाकावरच्या मुलीच्या खांद्यावर टिचकी मारली. "तुला कळलं का?"

"एक अक्षर नाही," ती मुलगी आनंदाने म्हणाली. तिचं नाव लेआ. शेजारचा योनास म्हणाला, त्यालाही नाही. तिघांचा गट झाला. पहिल्यांदा सहा मिळाले, मग नऊ, मग एकदा चौदा. तिघंही तासनतास भांडत. अपेक्षा आता घरी येऊन आईलाही विचारी, "पण का?" कीर्ती म्हणायची, "वरणात मीठ का, हे तरी विचारू नकोस."

फेब्रुवारीत परीक्षा झाली. निकाल लागला: चार पूर्णांक शून्य. म्हणजे काठावर पास. यशपालचं तोंड उतरलं. तेवढ्यात नागपूरहून आजीचा, कमलाबाईंचा, व्हिडिओ कॉल आला.

"किती पडले रे?"

"चार, आई. इथं एक म्हणजे सगळ्यात चांगलं."

"मग चार म्हणजे त्याच्या चौपट!"

"नाही गं. जेमतेम पास."

"आणि नापास किती झाले?"

"निम्मे," अपेक्षा म्हणाली.

"मग तोंड कशाला पाडलंस, यशपाल? इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी मॅथ्सला तुझी एटीकेटी लागली, तेव्हा मी पेढे वाटले होते. वर्ष वाचलं म्हणून."



"पप्पा," अपेक्षाने विचारलं, "एटीकेटी, वास इस्ट दास? म्हणजे काय?"

यशपालनी घसा साफ केला, खुर्ची ओढली आणि अगदी पहिल्या पेपरपासून सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता तेच हसू लागले. अपेक्षाने त्यांना तीनदा थांबवून "का?" विचारलं, आणि तीनही वेळा त्यांना उत्तर आलं नाही.

दोन वर्षांनी ती रीतसर विद्यापीठात दाखल झाली. तो एक विषय तिला माफ झाला. त्या तासाच्या वेळी, दर सोमवारी सकाळी, ती आता झोपून राही.